पाटल्या मोडल्याच नव्हत्या

शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाई गेल्या तेव्हा त्यांचं वय कागदोपत्री ८६ होतं. कागदोपत्री का म्हणतेय ते पुढे येईल. त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरून ठेवला होता, त्यामुळे घरात पहिली धावपळ झाली ती नेत्रपेढीची माणसं सहा तासांच्या आत पोहोचावीत म्हणून. मुलाने पंखा बंद केला, पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी दिली आणि मगच आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. दहावं-तेरावं करणार नाही, भेटायचं असेल त्यांनी रविवारी या, चहा मिळेल. बाईंनीच मजकूर सांगितला असावा इतका तो त्यांच्यासारखा होता.

त्या रविवारी बाईंच्या लालबागच्या घरी, बाविसाव्या मजल्यावर चपलांना जागा उरली नव्हती. लिफ्टपर्यंत रांग. तिथेच कुणीतरी म्हणालं की पहिल्या स्मृतिदिनाला बाईंवर एक स्मरणिका काढू या, आणि काम माझ्या गळ्यात आलं. माझी सगळी नोकरी आयुर्विम्याच्या कचेरीत, मृत्युदाव्यांच्या विभागात झाली. "तुला गेलेल्या माणसांच्या तारखा जुळवायची सवय आहे," असं आमच्या वर्गातला एक निवृत्त बस कंडक्टर म्हणाला आणि लोक हसले. हसण्यासारखं होतं, पण खरंही होतं.

बाईंचं आणि शाळेचं नाव इथे देत नाही. मुलाने तेवढंच मागितलं.

ओळख करून द्यायची तर अशी. राजापूर तालुक्यातलं गाव, शिवडीला काकांकडे राहून शिक्षण, रुईयातून गणित घेऊन बी.ए., मग बी.एड. जून १९६२ मध्ये आमच्या शाळेत लागल्या आणि ३१ मे १९९६ ला तिथूनच निवृत्त झाल्या. बीजगणित आणि भूमिती. शाळा गिरणगावातली, म्हणजे वर्गातल्या बहुतेक मुलांचे बाप साचेखात्यात, म्हणजे मागांवर, नाहीतर कताईत, तिन्ही पाळ्यांत वाटलेले. निवृत्तीनंतर बाई घरी ऑक्टोबरला बसणाऱ्या मुलांना शिकवायच्या, म्हणजे मार्चमध्ये गणितात गचकलेल्यांना. हुशार मुलांना घ्यायच्या नाहीत. "तुला माझी काय गरज?" म्हणून परत पाठवायच्या.

आवाहन टाकलं आणि आठवड्याभरात लेखांचा ढीग आला. मी डोंबिवलीला राहते. लोकलमध्ये जाता-येता वाचत बसायचे. घाटकोपर येईतो कुणाचा लेख कुणाचा ते कळेनासं व्हायचं. बाई म्हणजे ज्ञानाचा सागर. बाई म्हणजे फणस, वरून काटे आत गरे. बाई म्हणजे दुसरी आई. आम्ही घडलो ते बाईंमुळेच. नाव बदललं तर तोच लेख कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही बाईंना चालला असता. लोक खोटं लिहीत नव्हते. रडत लिहीत होते, ते दिसत होतं. पण वाचून बाई डोळ्यांसमोर येत नव्हत्या.

भूमिती शिकलेल्यांना आठवेल: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. बाईंना सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरून पुढे लिहिण्याचा. असं पान दिसलं की त्या पानावर आडवी रेघ मारायच्या आणि वही परत. पक्षात काय दिलंय तेवढंच वापर. आलेल्या लेखांत सगळ्यांनी साध्य आधीच धरलं होतं. बाई थोर होत्या, हे गृहीत. मग सिद्धतेला करण्यासारखं काही उरतच नव्हतं.

म्हणून मी एक प्रश्नांचा कागद केला आणि सगळ्यांना परत पाठवला. कोणत्या साली, कोणत्या तुकडीत, कितव्या बाकावर बसायचात? बाईंनी तुम्हाला काय करायला लावलं? मार कशासाठी खाल्लात? त्या वर्षी तुमच्या घरी काय चाललं होतं? बाई तुमच्या घरी आल्या होत्या का, आल्या असतील तर कशावर बसल्या? शेवटच्या प्रश्नाची चेष्टा झाली, पण सगळ्यात चांगली उत्तरं त्यालाच आली. एकीने लिहिलं, आमच्या खोलीत सात माणसं आणि एकच खुर्ची, तिच्यावर शिवणाचं मशीन ठेवलेलं. बाई उंबऱ्यावर बसल्या आणि मांडीवर माझी वही घेऊन तिथेच त्रिकोण सोडवून दाखवला. नळाला पाणी आलं तेव्हा उठून बाजूला झाल्या, कारण बायकांना कळशा घेऊन आत यायचं होतं.

ज्यांना लिहायला जमत नाही त्यांना मी सांगितलं, आवाज पाठवा. त्यात बाई जास्त सापडल्या. लिहिताना माणूस इस्त्रीचे कपडे घालतो. बोलताना मागे कुकरची शिट्टी असते, सून विचारत असते कुणाशी बोलताय, आणि मधेच अचानक "थांब, अजून एक आठवलं" येतं. ते 'अजून एक' बहुतेक वेळा कामाचं निघतं. अशी काही स्मरणिका कुणी काढणार असेल तर माझं सांगणं एवढंच, सगळ्यात म्हाताऱ्या माणसांना आधी गाठा आणि लेख मागू नका. बाईंच्या बरोबरीच्या शिक्षकांपैकी आता मोजकेच आहेत. चित्रकलेचे सर विरारला मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं. प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवले तेव्हा तासभर बोलले. बाई स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्यातलं खायच्या नाहीत पण स्वतःच्या डब्यातली घावनं सगळ्यांना द्यायच्या. मुख्याध्यापिका होण्याची पाळी आली तेव्हा लेखी नकार दिला, कारण मग तास कमी मिळाले असते. शेवटचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाईंच्या मुलालाही नाही.

आता वयाचं. सेवापुस्तिकेच्या प्रतीत जन्मतारीख १ जून १९३८. माझ्या नोकरीत मी अशा इतक्या १ जूनवाल्या माणसांचे दावे पाहिलेत की ती तारीख दिसली की मी गालात हसते. गावच्या शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, पोर कधी झालं. आई सांगायची, नाचणी लावायच्या दिवसांत. मास्तर लिहायचे १ जून. अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला आहे. बाईंच्या धाकट्या बहिणीने सांगितलं की ताई श्रावणातली, नागपंचमीच्या आदल्या दिवशीची, पण साल कुठलं ते तिलाही नक्की नाही. शाळेने मात्र नियमाने ५८ पूर्ण धरली. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे. त्या श्रावणाच्या हिशेबाने बाईंना अजून एक पहिली चाचणी घेता आली असती. स्मरणिकेत आम्ही दोन्ही छापलं, कागदावरचं आणि बहिणीचं.

मग आल्या पाटल्या.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. भोंगे बंद झाले. सुरुवातीचे दिवस सुट्टीसारखेच गेले, बाप दिवसा घरी असण्याची नवलाई होती. मग भांडी विकायला निघाली, मग माणसं गावी जायला लागली, कुणी कोकणात कुणी घाटावर. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी सांगितलंच नाही. माझे वडील साचेखात्यात होते, ते परत कामावर गेलेच नाहीत. आईने डबे करायला घेतले म्हणून आम्ही मुंबईत टिकलो.

तर त्या काळात बाईंनी आपल्या पाटल्या मोडून वर्गातल्या मुलांची फी भरली, ही गोष्ट निरनिराळ्या बॅचच्या माणसांनी मला सांगितली. कुणाकडे दोन पाटल्या, कुणाकडे चार, एकाकडे पाटल्यांबरोबर मोहनमाळही. कुणी म्हणे लालबागच्या सोनाराकडे, कुणी म्हणे गिरगावात. दाव्याच्या कागदांत अशी तफावत आली की मी फाइल बाजूला काढून ठेवायचे. बाईंच्या मुलाला विचारलं. तो जोरात हसला, आत गेला आणि बायकोला हाक मारली. तिच्या हातात त्याच पाटल्या होत्या. "आईच्या लग्नातल्या," म्हणाला. "कधी गहाणसुद्धा पडल्या नाहीत. आई सोनं मोडण्यातली नव्हती. हिशोबी होती."

मग फी कशी भरली गेली? याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं. माझी आई आता ८२ वर्षांची आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "भरली कुठे? माफ करून घेतली." आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीची सवलत होती, ज्याला सगळे ईबीसी म्हणायचे. फॉर्म भरायचा, त्याला उत्पन्नाचा दाखला जोडायचा. आता गिरणी बंद असलेल्या माणसाने उत्पन्न काय दाखवायचं? जुनी पगाराची चिठ्ठी लावली तर उत्पन्न जास्त दिसतं, चिठ्ठी नाही लावली तर पुरावा नाही. बाई शाळा सुटल्यावर चार-पाच आयांना घेऊन कचेरीत जायच्या. आई सांगते, तिथला कारकून म्हणाला, उत्पन्न शून्य लिहून चालत नाही, शून्य असेल तर तुम्ही खाता काय? बाई आईकडे वळून म्हणाल्या, "सांगा त्यांना, काय खाता." आई म्हणाली, "उधारी." कारकुनाने मान खाली घातली आणि बाईंनी त्याला पालकांचं निवेदन, शाळेचं पत्र, वाण्याच्या खात्याची वही असे कागद एकेक करून समोर ठेवायला सुरुवात केली. त्या दिवशी काम झालं नाही. नंतर झालं. असे किती फॉर्म बाईंनी भरले ते आता कळायला मार्ग नाही, पण आमच्या चाळीच्या त्या मजल्यावरचा एकही फॉर्म त्यांच्या अक्षराशिवाय गेला नाही, असं आई म्हणते.

मला विचाराल तर हे पाटल्यांपेक्षा मोठं आहे. पाटल्या एकदाच मोडता येतात. कचेरीच्या बाकावर, दिवसभर खडू झिजवून झाल्यावर, दुसऱ्याच्या पोराच्या दाखल्यासाठी पुन्हा पुन्हा जाऊन बसणं याची कुणी गोष्ट सांगत नाही, कारण त्यात सोनं नाही. मी पाटल्यांची गोष्ट स्मरणिकेत घेतली नाही. एका बाईंना याचा इतका राग आला की त्यांनी आपला लेखच परत मागितला. "तुम्ही बाईंना लहान करताय," असं त्यांचं म्हणणं. मी लेख परत दिला.

माळ्यावरच्या पेटीत टाचणवह्या निघाल्या. पाठाचं टाचण आजही शिक्षक काढतात, बरेचदा तपासणीपुरतं. चाळ पाडली, संक्रमण शिबिरात काही वर्षं गेली, मग हा टॉवर, आणि या सगळ्या हलवाहलवीत बाईंचे फोटो गेले, भांडी गेली, पण वह्या त्यांनी प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. काहींना वाळवी लागलेली. मी खिडकीत उन्हाला धरून पानंन्‌पानं मोबाइलवर टिपली. टाचण निळ्या शाईत: त्रिकोण अबक, कोनांची बेरीज, गृहपाठ उदाहरणसंग्रह अमुक. मजा समासात आहे. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात वर्ग उतरलाय. "चौथा बाक रिकामा. चौकशी." "हिला फळा दिसत नाही, पुढे बसवणे. आईला सांगितले, चष्मा." "कच्चे काम खोडतो. का?" हे कच्च्या कामाचं वेड आम्हाला सगळ्यांना आठवतं. उत्तर बरोबर असलं तरी उजव्या बाजूची आकडेमोड खोडलेली असली की बाई वही तपासायच्याच नाहीत. घसरलास कुठे ते मला कच्च्यात दिसतं, पक्क्यात नाही, असं म्हणायच्या.

१९८२-८३ च्या वहीचा समास भरून वाहतोय. "गावी. आजोळ चिपळूणकडे." "दाखला मागितलेला नाही. नाव पटावरून कमी करू नये." "वडील साताऱ्याला. हा मावशीकडे राहील का?" पुढे, दुसऱ्या शाईत, "राहिला." आणि मधूनमधून "१७ नंबर" असं नुसतंच. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळा सुटलेल्या मुलाला बाहेरून दहावीला बसायचं तर तो १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. बाई तो वर्षभर जवळ बाळगायच्या. कोण कधी भेटेल सांगता येत नाही म्हणून.

टाचणवहीतल्या नोंदी पडताळायला मी शाळेत गेले. हल्लीच्या मुख्याध्यापिका आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बाईंना पाहिलेलंसुद्धा नाही, पण त्यांनी समोर बसून जनरल रजिस्टर उघडलं. नक्कल करायची नाही, फोटो काढायचा नाही, या अटीवर. ते बरोबरच होतं. जाड पुठ्ठ्याचं, कपड्याने शिवलेलं रजिस्टर. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. संपानंतरच्या वर्षांत तो रकाना पानामागून पान एकच वाक्य सांगतो: पालक गावी गेले. पालक गावी गेले. पालक गावी गेले. मधेच एखादं 'कामासाठी'. त्या वर्गात मी बसले होते, पण एकेक बाक रिकामा होत गेला तेव्हा एवढे गेले असं जाणवलं नव्हतं. कागदावर एका खाली एक आल्यावर घसा सुकला.

'कामासाठी' असलेल्यांतलं एक नाव माझ्या वर्गातलं होतं. नववी नापास, एप्रिल १९८३. त्याचा नंबर कुणाकडे नव्हता. कंडक्टरने शोधून काढला. दादरच्या फूलबाजारात गाळा आहे म्हणाला.

फूलबाजाराला गाठायचं तर पहाटे. मी आदल्या रात्री परळला नणंदेकडे राहिले. पाचच्या सुमाराला त्याच्या गाळ्यावर गोंड्याच्या गोणी सुटत होत्या. त्याने मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं, चहा मागवला. बोलता बोलता गिऱ्हाइकं चालूच. "पावणेतीन किलो, साठने, एकशे पासष्ट." काटा थांबायच्या आत आकडा. मी मोह आवरला नाही, विचारलं, हे बाईंचंच ना, सवायकी-औटकी? आम्हाला त्या अभ्यासक्रमात नसलेले पाढे पाठ करायला लावायच्या, सव्वाचा, दीडचा, साडेतीनचा. तो म्हणाला, "छ्या. हे धंद्यात येतंच."

मग म्हणाला, "तू बाईंचं लिहून घ्यायला आलीस ना? मग लिही. मला बाईंनी नववीत बसवलं. बापाचा पगार बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं. मी रात्री भायखळ्याला भाजीच्या गाड्या उतरवायचो आणि वर्गात झोपायचो. बाईंनी मला बाहेर उभं केलं. परीक्षेत गेलो. परत शाळेत गेलोच नाही." बाईंना ठाऊक होतं का, मी विचारलं. "मी सांगितलं नाही. पण त्यांनी पण विचारलं नाही. बाकीच्यांच्या घरी गेल्या ना? तुझ्याकडे आल्या, त्या मागच्या चाळीत आल्या. आमच्याकडे नाही आल्या." रागाने नाही म्हणाला. गोणीचं तोंड बांधत, भाव सांगतात तसं म्हणाला.

घरी येऊन मी त्या वर्षाची टाचणवही पुन्हा काढली. त्याचं नाव एकदाच आहे. "वर्गात झोपतो." पुढे चौकशी नाही, आजोळ नाही, १७ नंबर नाही.

हे छापायचं की नाही यावर स्मरणिकेचं काम बघणाऱ्या आम्हा चौघांत जे झालं ते झालं. स्मरणिकेत असलं छापतात का, गेलेल्या माणसाबद्दल, तीही उत्तर द्यायला नसताना. कंडक्टरचं म्हणणं की त्याचं एकट्याचं दुःख आहे, त्याला दाद द्यावी पण दुसरीकडे. वाशीला राहणारी मैत्रीण म्हणाली की बाकीच्या पानांना त्याने बट्टा लागेल. मी म्हटलं, उलट आहे. हे पान असेल तरच बाकीची पानं कुणी खरी मानेल. पन्नासाच्या वर मुलांचे वर्ग, दिवसाला इतके तास, त्यात संप. एक बाई सगळ्यांच्या दारात पोहोचलीच असती तर ती बाई नव्हे, पोथीतली देवी झाली असती. शेवटी बाईंच्या मुलाकडे गेलो. त्याने पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचलं. म्हणाला, "त्या वर्षी मी टायफॉइडने दोन महिने अंथरुणात होतो." एवढंच. मग म्हणाला, छापा, पण माझं हे वाक्य नको. मी त्याला अलीकडे विचारलं, इथे लिहू का. तेव्हा हो म्हणाला.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. दहावीचा वर्गफोटो एकच चांगला मिळाला, तो ग्रुपवर टाकून कोण कोण ते ओळखण्यात आठवडे गेले. तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीवर तीन जणींनी हक्क सांगितला. मुखपृष्ठावर बाईंचा कोणता फोटो घ्यायचा यावरही वाद: निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला की नातीच्या बारशातला हसरा. हसरा घेतला. बाईंना हार घातलेलं बघून आम्हा सगळ्यांना आता दुसरंच काही आठवायला लागलं होतं.

छपाई लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीत. छापखानेवाल्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की पानं सोळाच्या पटीत बसवा, फॉर्म, म्हणजे छपाईचा सोळा पानांचा ताव, वाया जायला नको. म्हणून ४८ पानं, मध्ये पिन, आत मॅपलिथो, वर आर्ट पेपर, ३०० प्रती. लोकांनी मोबाइलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतला की जोडाक्षरं फुटायची. 'सिद्धता'तला द्ध सुटून वेगळा उभा राहायचा आणि 'म्हणून'चे तीन ठिपके, जे बाई फळ्यावर खडूचं टोक आपटून काढायच्या, ते नाहीसेच व्हायचे. मुद्रितं मीच तपासली. डीटीपी करणारा मुलगा चोवीस-पंचवीसचा. एका पानावर थांबून म्हणाला, "मॅडम, हा ईबीसीचा किस्सा भारी आहे. आमच्याकडे अजून असंच आहे."

एका स्थानिक पुढाऱ्याचा शुभेच्छा संदेश आला, बरोबर स्वतःचा रंगीत फोटो, पूर्ण पान आणि पूर्ण पानाचे पैसे. पैशांची गरज होती. पण त्याचा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा आला असता. नको म्हणालो. कंडक्टरने ग्रुपवर हिशोब टाकला की तेवढी रक्कम कमी पडतेय, आणि रात्रीपर्यंत ती जमली.

कार्यक्रम परळला, शाळेच्याच हॉलमध्ये, पंखे करकरत होते. भाषणं ठेवली नाहीत. प्रत्येकाने स्मरणिकेतलं स्वतःचं नव्हे, दुसऱ्याचं पान वाचायचं असं ठरवलं होतं. फूलवाल्याचं पान वाचायला आधी कुणी उठेना. मग ते चित्रकलेच्या सरांनी वाचलं, कानाला यंत्र लावून, मोठ्याने. तो स्वतः आला नव्हता. संध्याकाळच्या धंद्याची वेळ. दुसऱ्या दिवशी फोन केला, पान कुठलं, नाव नाही ना टाकलं, आणि पाच प्रती लागतील, गावी पाठवायच्या आहेत.

स्मरणिका पोहोचल्यावर नवीनच काम निघालं. कणकवलीहून एकीने बाईंचं १९८४ चं पोस्टकार्ड पाठवलं, पत्राच्या शेवटी एक समीकरण आणि 'सोडवून कळव'. साताऱ्याचा एकजण म्हणतो त्याच्याकडे बाईंनी दिलेला १७ नंबरचा फॉर्म अजून कोराच आहे, भरायचा राहिला. तर आता सोळा पानांची पुरवणी काढायची ठरतंय. मी प्रश्नांचा कागद पुन्हा पाठवलाय आणि त्यात एक प्रश्न वाढवलाय: बाईंनी तुमच्यासाठी काय करायचं राहून गेलं? बहुतेकांनी ती जागा मोकळी सोडली आहे. दोघींनी मात्र पाठपोट लिहून पाठवलंय, आणि छापखान्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय की सोळात मावेलसं दिसत नाही, बत्तीस धरा.